पावडरीचा वास बाटलीत: रोजच्या वापराला कितपत बरा?

‘सेंट’ या शब्दाला आपल्या घरांतून अजून थोडा नखऱ्याचा वास येतो. गजरा माळला तर कुणी काही म्हणत नाही, हळदीकुंकवाला हातावर अत्तराचे बोट फिरले तर ती रीत झाली, पण एखादी मंगळवारी सकाळी, काहीही कारण नसताना, सेंट लावून कामाला निघाली की हमखास प्रश्न येतो, “काय, आज विशेष काय?” म्हणून मग काय होते? परदेशातून नणंदेने आणलेली, लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली किंवा लग्नाच्या वाढदिवसाला यजमानांनी हौसेने दिलेली सुगंधाची बाटली कपाटात ‘चांगल्या दिवसासाठी’ राखून ठेवली जाते. चांगला दिवस यायच्या आत बाटलीतला वास मात्र उतरून जातो!

अलीकडे अशा बाटल्यांत एक प्रकार फार दिसू लागला आहे. मऊ, गोडसर, टाल्कम पावडरीची आठवण करून देणारा. इंग्रजीत त्याला ‘पावडरी’ म्हणतात आणि आपणही तोच शब्द घेऊ, कारण तो आपल्याला लगेच कळतो. शिवाय हे सुगंध बरेचदा ‘निश’ घराण्यांचे असतात. निश म्हणजे काय, तर घरोघर जाहिरात करणाऱ्या बड्या कंपन्यांचे नव्हेत, थोड्या प्रमाणात काढलेले, मोजक्या दुकानांत मिळणारे. पॅरिसचे ‘लार्तिझाँ पार्फ्युमर’ हे १९७६ साली निघालेले घराणे या जातीच्या सुरुवातीच्या दुकानांपैकी एक. तसे पाहिले तर आपला कोपऱ्यावरचा, काचेच्या नक्षीदार कुप्या मांडून बसलेला अत्तरवाला याच जातीचा, आणि पुष्कळ जुना! फरक एवढाच, की निशची किंमत ऐकून पदर डोक्यावरून घसरतो.

मग प्रश्न साधा आहे. एवढे पैसे घालून घेतलेला असा मऊ, पावडरी सुगंध आपल्या रोजच्या जगण्यात, म्हणजे फोडणीत, उन्हात, एस.टी.त, ऑफिसात आणि घरातल्या चार माणसांत चालतो का? की तो नुसता हुंगून परत ठेवावा असा?

हा वास पावडरीचा नव्हेच!

पहिली गंमत ही, की टाल्क हा दगडाचा चुरा; त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नाहीच. आपण ज्याला ‘पावडरीचा वास’ म्हणतो तो त्यात घातलेल्या सुगंधाचा. युरोपात जुन्या काळी तोंडाला लावायची पावडर तांदळाच्या किंवा गव्हाच्या सत्त्वाची असे आणि तिला वास यावा म्हणून आयरिस नावाच्या फुलझाडाची वाळवलेली मुळी दळून त्यात मिसळत. कपड्यांच्या कपाटातही हीच पूड पुरचुंडीत बांधून ठेवत, आपण वाळा ठेवतो तशी. पुढे सुगंध तयार करणाऱ्यांनी तोच वास बाटलीत आणला. तेव्हा पावडरी सुगंध लावला म्हणजे अंगावर टाल्क पडले असे मुळीच नाही. टाल्क नाकातोंडात जाण्याबद्दल हल्ली डॉक्टर सावध करतात; त्या भीतीचा या सुगंधाशी संबंध नाही.

आयरिसच्या मुळीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फूल देखणे, पण अत्तराच्या कामाचे नाही. जमिनीतला गड्डा तीनेक वर्षे वाढू द्यायचा, मग खणून, सोलून, पुन्हा तीन ते पाच वर्षे वाळत ठेवायचा. ओल्या गड्ड्याला मातकट, बटाट्यासारखा वास असतो. वाळता वाळता त्यात ‘आयरोन’ नावाचे सुवासिक द्रव्य तयार होते. एवढे करून एक टन मुळ्यांतून लोण्यासारखा घट्ट अर्क निघतो तो सुमारे दोन किलो! लोणच्याच्या बरणीलाही आपण इतका धीर धरत नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या भोवती हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात. फ्लॉरेन्सच्या ध्वजावर जे लाल फूल आहे, ज्याला तिथले लोक लिली म्हणतात, ते खरे तर आयरिसच.

इतकी महाग मुळी सगळ्यांना कुठून परवडणार? तिथे रसायनशास्त्र मदतीला आले. टीमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हार्मान या सहकाऱ्याबरोबर १८७४ साली पाईनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलाचा वास, म्हणजे व्हॅनिलीन, तयार केले. त्याच टीमानने क्रूगरबरोबर आयरिसच्या वासाचा माग काढता काढता १८९३ साली ‘आयोनोन’ शोधले. हा व्हायोलेट फुलांचा वास. जुन्या लिपस्टिकांना जो गोडसर वास यायचा तो बराचसा याचाच. याशिवाय बदाम आणि व्हॅनिला यांच्या मधल्या वासाचे हेलिओट्रोपीन, टोंका नावाच्या बीमधले कापलेल्या सुक्या गवतासारखे कुमारीन, आणि शेवटी कस्तुरी. खरी कस्तुरी नव्हे हो! कस्तुरीमृग संरक्षित प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार आणि व्यापार दोन्ही बंद. आजची कस्तुरी प्रयोगशाळेतली. धुतलेल्या कपड्यांना ‘स्वच्छ’ वास येतो तो पुष्कळदा हिचाच असतो.

हे चारपाच वास एकत्र आले, की आपले मन म्हणते, “अगं, ही तर पावडर!” म्हणजे वास बाटलीत असतो, पण पावडर असते ती आपल्या आठवणीत.

फ्लॉरेन्सची एक बाटली

परीक्षेसाठी या जातीतला नावाजलेला नमुना घेतला. फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो व्हिल्लोरेझी यांचा ‘तँ द नेज’. व्हिल्लोरेझी यांनी १९९० साली आपले घराणे सुरू केले. ‘तँ द नेज’ निघाला २००० साली, आणि आजही पावडरी सुगंध म्हटले की जाणकार बोट दाखवतात ते त्याच्याकडे. नावाचा अर्थ ‘बर्फासारखी कांती’. जुन्या युरोपातल्या सुगंधी पावडरींची आठवण जागवायची हा त्यामागचा हेतू. नावात गोरेपणाचा तोरा आहे हे खरे, पण सुगंधाला कातडीचा रंग कळत नाही. गव्हाळ, सावळ्या हातावरही तो तितकाच खुलतो, तेव्हा नावाकडे दुर्लक्ष करावे!

फ्लॉरेन्सचा म्हणून तो आयरिसवर उभा असेल असे वाटते, पण घराणे जे घटक सांगते त्यांत पुढे आहेत गुलाब, जाई, यलँग-यलँग, हेलिओट्रोप, टोंका आणि कस्तुरी. यलँग-यलँग हे नाव परके वाटेल, पण हे झाड आपल्या सीताफळाच्या आणि हिरव्या चाफ्याच्या कुळातले. हिरव्या चाफ्याला पिकल्या फळाचा वास येतो ना, तशीच पिकल्या केळ्याची झाक यातही आहे.

पूर्ण बाटली घेतली नाही. दोन मिलिलिटरची नमुन्याची कुपी भाचीकडून मिळाली आणि ती आठ दिवस रोजच्या कामात वापरून पाहिली. होळीच्या आधीचा आठवडा, गाव सोलापूर. म्हणजे पहाटे शाल आणि दुपारी ऊन मी मी म्हणणारे. त्यातले दोन दिवस भावाकडे ठाण्याला गेले, त्यामुळे दमट हवेचीही परीक्षा झाली.

आठ दिवसांचा अनुभव

*पहिला दिवस.* सकाळी सातला, आंघोळीनंतर मनगटावर एकच फवारा. पहिल्या पाच मिनिटांत गुलाब, आणि लगेच जुन्या पावडरीची डबी पफसकट उघडल्यासारखा वास. अर्ध्या तासाने बदामाच्या खिरीची गोडी. तोपर्यंत ठीक. पण स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी पडली आणि दोन्ही वासांचे काही जमेना. लसणाच्या फोडणीशी तर अगदीच फारकत. निष्कर्ष असा, की हा सुगंध स्वयंपाक उरकल्यावर लावायचा. रात्री झोपताना मनगटावर तो होताच.

*दुसरा दिवस.* दोन फवारे, एक मनगटावर, एक मानेवर, आणि ऑफिस. दोन टेबलांपलीकडून प्रश्न आला, “कुणी बाळाला घेऊन आलंय का? पावडरीचा वास येतोय!” सगळ्या हसलो. पण कळायचे ते कळले. दोन टेबले म्हणजे चांगला सात-आठ फूट दरवळ.

*तिसरा दिवस.* दुपारी दोन वाजता बाजारात. उन्हाने सुगंध भराभर उडतो, म्हणजे कमी वेळात जास्त वास बाहेर पडतो. सकाळी मऊ वाटणारी गोडी दुपारी घशाशी आली. साखरेचा पाक एक तार पुढे गेल्यासारखी.

*चौथा दिवस.* घरीच. सासूबाई शेजारी भाजी निवडायला बसल्या. दहा मिनिटांनी उठून त्यांनी खिडकी उघडली आणि पुन्हा येऊन बसल्या, जरा लांब. बोलल्या काहीच नाहीत. विचारल्यावर म्हणाल्या, “वास चांगला आहे गं, पण कपाळात शिरतोय.” त्यांना अर्धशिशीचा त्रास आहे. अशा माणसांना तीव्र सुगंधाने डोके उठू शकते, आणि ते नाटक नसते.

*पाचवा दिवस.* अंगावर काहीच लावले नाही. सुती रुमालाच्या कोपऱ्यावर एक फवारा, तो सुकू दिला आणि पर्समध्ये ठेवला. पर्स उघडली, की हळूच एक झुळूक. बसमध्ये, रांगेत, कामाच्या कंटाळ्यात हवा तेव्हा वास घ्या, नको तेव्हा पर्स बंद! आठ दिवसांत हा दिवस सगळ्यांत सुखाचा गेला.

*सहावा आणि सातवा दिवस.* ठाणे. दमट हवेत सुगंध अंगाला चिकटून बसतो, वर घाम. सकाळच्या लोकलच्या गर्दीत एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभे असताना कुणाचाही गोड सेंट जड होतो, आपला तरी अपवाद कसा असेल? संध्याकाळी, आंघोळ करून पंख्याखाली बसल्यावर मात्र तोच वास निवांत, धुतल्या चादरीसारखा वाटला.

*आठवा दिवस.* परत सोलापूर. संध्याकाळी एका बारशाला जायचे होते. निघायच्या तासभर आधी कोपराच्या खोबणीत एकच फवारा, वर रेशमी साडी. तासाभरात गुलाबाचा पहिला भर ओसरला होता, उरली होती बदामी मऊपणाची आणि कस्तुरीची सावली. दोघी-तिघींनी जवळ येऊन विचारले, “काय लावलंस?” लांबून कुणी विचारले नाही. सुगंधाची खरी मर्यादा हीच. जवळ येणाऱ्याला कळावा, खोलीत शिरणाऱ्याला नव्हे.

तुम्ही परीक्षा कशी घ्याल?

सुगंध कुठलाही असो, पावडरी असो की फुलांचा, घ्यायच्या आधी एवढे करा.

१. दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेऊन निर्णय करू नका. पट्टीवर फक्त नापसंत असलेले बाजूला काढायचे. आवडलेला एक, फार तर दोन, हातावर घ्या. एका वेळी तीनापेक्षा जास्त वास घेतले, की नाक थकते. दुकानदार कॉफीच्या बिया पुढे करतो. त्यांची काही गरज नाही, साध्या हवेत दोन मिनिटे उभे राहिले तरी तेवढेच काम होते. किंवा आपल्याच कोपराचा वास घ्यावा.

२. हातावर लावल्यावर मनगटे एकमेकांवर घासू नका. आपोआप सुकू द्या. आणि पैसे न देता घरी या! पहिली दहा मिनिटे सगळ्याच सुगंधांची गोड बोलणारी असतात. खरा स्वभाव दोन तासांनी कळतो आणि सहा तासांनी पक्का होतो. पावडरी सुगंधात तर शेवटचा कस्तुरी-व्हॅनिलाचा भागच दिवसभर तुमच्याबरोबर राहणार असतो, म्हणून पारख त्याची करायची.

३. नमुन्याची कुपी मागवा. एक मिलिलिटरमध्ये साधारण दहा फवारे होतात, म्हणजे दोन मिलिलिटरमध्ये वीस. घर, काम, ऊन आणि समारंभ, अशा चारही ठिकाणी तो लावून पाहण्याएवढे ते पुष्कळ झाले. मोठ्या बाटलीतून लहान कुपीत भरून विकतात त्याला डिकँट म्हणतात. तो ओळखीच्या, खात्रीच्या माणसाकडूनच घ्यावा, कारण नकली मालाचा बाजारही मोठा आहे.

४. “मला तर वासच येत नाही” म्हणून तिसरा-चौथा फवारा मारू नका. दोन कारणे आहेत. एक, सारखा येणारा वास नाक थोड्या वेळाने नोंदवायचे सोडून देते. दुसरे, काही जणांच्या नाकाला काही कस्तुरी जन्मतःच कळत नाहीत. आणि व्हायोलेटच्या आयोनोनचा तर खेळच असा, की वास येतो, जातो, पुन्हा येतो. तुम्हाला येत नसला तरी शेजारणीला भरपूर येत असतो. खात्री करायची तर घरातल्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारा. दहावीतली मुलगी यासाठी उत्तम!

५. कातडी नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ आले तर तो सुगंध कितीही मोहक असो, त्याला नमस्कार. घरात जुनी बाटली पडून असेल तर खोक्यावरची घटकांची यादी वाचा. लिलियल नावाच्या सुगंधी द्रव्यावर युरोपात १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी बंदी आहे. यादीत ते ब्यूटिलफिनिल मिथाइलप्रोपियोनल या लांबलचक नावाने येते. ते असेल तर अशी बाटली अंगाला न लावलेली बरी.

पैशांचा हिशेब

आता खरा मुद्दा. मानू या, की ५० मिलिलिटरची बाटली १२,००० रुपयांना पडली. तिच्यात सुमारे ५०० फवारे. म्हणजे एका फवाऱ्याला २४ रुपये. रोज दोन फवारे मारले तर दिवसाला ४८ आणि महिन्याला १,४४० रुपये. आठ-सव्वाआठ महिन्यांत बाटली संपली! बहुतेक घरांत हा दुधाच्या बिलाशी स्पर्धा करणारा खर्च झाला.

पण तीच बाई आठवड्यातून एकदा एकच फवारा वापरते असे धरा. वर्षाला ५२ फवारे, म्हणजे पाच मिलिलिटरच्या आसपास. अशा वापराने ५० मिलिलिटरची बाटली संपायला साडेनऊ वर्षे लागतील! आणि उघडलेली बाटली नीट ठेवली तरी तीन-चार वर्षांनंतर तिचा भरवसा धरू नये. म्हणजे उरलेले सात-आठ हजार रुपये हवेत गेले. म्हणून कधीतरी लावणारीने मोठी बाटली ‘स्वस्त पडते’ म्हणून घेणे हा उफराटा हिशेब आहे. तिला दहा मिलिलिटरची कुपी दोन वर्षे पुरते.

इथे एक बोलायला हवे. घरखर्चाच्या वहीत मुलांचे क्लास, यजमानांची गाडी, पाहुण्यांचा अहेर या सगळ्यांना जागा असते. स्वतःच्या नावाने एक रकाना मात्र आपण आखतच नाही, आणि आखला तरी महिनाअखेर त्यातूनच उसने घेतो. सुगंध ही चैन आहे, यात वाद नाही. पण दहा मिलिलिटरची चैन वर्षाकाठी परवडत असेल तर त्यासाठी कारणे द्यायची गरज नाही. हप्ते पाडून बाटली घ्यायची वेळ येत असेल तर मात्र घेऊ नये. वास हप्त्याच्या आधी उडून जातो.

घरातली माणसे, दिवा आणि साडी

तान्ह्या बाळाला घ्यायचे असेल तर सेंट लावू नका. बाळाला आईचा स्वतःचा वास हवा असतो. घरात दमेकरी असेल, डोहाळ्यांनी मळमळणारी सून असेल, अर्धशिशीवाले कुणी असेल, तर रुमालाची युक्ती वापरा. दवाखान्यात भेटायला जाताना आणि परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून जाताना सेंट नकोच.

सुगंधात बहुतांशी अल्कोहोल असते आणि ते भुरकन पेट घेते. गॅसजवळ, देवघरात निरांजन तेवत असताना किंवा उदबत्ती पेटवताना फवारा मारू नका. पूर्ण सुकल्यावरच दिवा लावा.

रेशमावर, जरीवर थेट फवारा नको. डाग पडतात आणि जर काळवंडते. मोत्यांचे तर सेंटशी वैरच आहे. आधी सुगंध, तो सुकला की मग मोत्याची कुडी आणि तन्मणी. केसांत मोगऱ्याचा गजरा असेल त्या दिवशी बाटलीला सुट्टी द्या. मोगऱ्यापुढे फ्लॉरेन्सचीही डाळ शिजत नाही, आणि दोन्ही एकत्र आले तर शेजारणीची पंचाईत.

लावायची उत्तम जागा म्हणजे कोपराची खोबण किंवा ब्लाउजखाली झाकलेली कातडी. कोरड्या कातडीवर वास टिकत नाही, म्हणून आधी थोडे बिनवासाचे क्रीम लावावे. नारळाचे तेल लावत असाल तर त्याचा स्वतःचा वास मिसळतो हे लक्षात ठेवा. बाटली आरशासमोर उन्हात किंवा न्हाणीघरात ठेवू नका. खोक्यासकट कपाटात, अंधारात आणि थंड जागी ठेवा.

तर मग निकाल काय?

‘तँ द नेज’ हा सुंदर सुगंध आहे, पण ‘मऊ’ या शब्दाने फसू नये. वास मऊ आहे, आवाज मोठा आहे. रोजच्या वापराला, तोही आपल्या उन्हात आणि आपल्या गर्दीत, अंगावर लावायला तो जड. हिवाळ्याच्या सकाळी, पावसाळ्यातल्या गार संध्याकाळी, छोट्या घरगुती समारंभाला एक फवारा, आणि एरवी रुमालावर. एवढ्या मापात तो शोभतो. त्यासाठी लहान कुपी पुरे.

रोजच्यासाठी पावडरीच हवा असेल तर गोड हेलिओट्रोप-व्हॅनिलाकडे न जाता कोरड्या आयरिसकडे जावे. उदाहरणार्थ प्राडाचा २००७ सालचा ‘इन्फ्यूजन दी’रीस’. हा निश नव्हे, बड्या घराण्याचा आहे, पण इस्त्रीच्या सुती साडीसारखा नीटस, आणि उन्हात घशाशी येत नाही. त्याचीही परीक्षा वर सांगितली तशीच घ्यायची. आणि एवढा खर्च नको असेल तर आपला अत्तरवाला आहेच. पांढऱ्या कस्तुरीचे, बिनअल्कोहोलचे अत्तर मागा. सुईच्या टोकाएवढे लावले तरी धुतल्या कपड्यांचा पावडरी वास दिवसभर अंगाजवळ राहतो आणि अंगाजवळच राहतो.

ज्यांच्या कपाटात अशी भेट आलेली बाटली आधीच आहे त्यांच्यासाठी शेवटचे. आजच ती बाहेर काढा, उजेडात धरून पाहा. रंग फार गडद झाला असेल, उघडताच आंबूस किंवा रॉकेलसारखा वास येत असेल, तर ती गेली. दुःख करू नका. चांगली असेल तर झाकणावर आजची तारीख लिहा, आणि उद्या सकाळी स्वयंपाक उरकला, हात धुतले, की एक फवारा रुमालावर. कुणी विचारलेच, “आज विशेष काय?” तर सांगा, “बुधवार.”